सड्यावरचे शंभर यार्ड

पहाटेची मतलई अजून पडली नव्हती. डोंगराकडून समुद्राकडे जाणारा हा वारा जानेवारीत असा बोचरा होतो की डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्याच्या कातळाला हात लावला तर मासळीच्या पेटीतल्या बर्फाला लावल्यासारखं वाटतं. खाली खाडीवर धुकं पसरलेलं, वर आभाळ धुऊन ठेवल्यासारखं निवळ, आणि पलीकडच्या बागेतून येणारा मोहोराचा उग्र वास. अशा वेळी शहाणी माणसं चुलीपुढे बसतात. मजीद सोलकर कानाला मफलर गुंडाळून सड्यावर गोणपाट ओढत होता.

पुढे झुकून, औताच्या बैलासारखा, गोल गोल. त्याच्या पायाखाली खळ्याएवढं वर्तुळ होतं. चिरेखाणीतला तांबडा भुसा चाळून, त्यात बोटीच्या इंजिनाचं जळकं तेल कालवून, चोपून बसवलेलं. मधोमध भोक, भोकात बांबूची काठी आणि काठीला लाल फडकं. देवरूखकडचा एक पाहुणा एकदा चप्पल काढून त्या फडक्याला नमस्कार करून गेला होता. मजीदने त्याला अडवलं नाही. नमस्कार कुठे वाया जातो?

सगळ्या जगात गोल्फ हिरवळीवर खेळतात. रत्नागिरीच्या सड्यावर पावसाळा संपला की गवत पिवळं पडतं आणि डिसेंबरात कातळ उघडा होतो. तिथं हिरवळ आणायची तर अख्खी खाडी वर चढवावी लागेल. म्हणून मजीदची ही तांबडी-काळी हिरवळ. तो तिला ब्राऊन म्हणायचा, आणि अशी पाच ब्राऊनं त्याने सड्यावर मांडली होती.

ही विद्या त्याने आखातातून आणली. विशीत असताना एजंटाने सांगितलं, क्लबात काम आहे. क्लब म्हटल्यावर मजीदच्या डोळ्यांपुढे जे आलं ते आईला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून घरी त्याने हॉटेलातली नोकरी सांगितली. विमानातून उतरला तो थेट वाळवंटात. वाळूला तेल पाजून तिची ब्राऊनं केलेली, आणि मजीदच्या हातात गोणपाट. साहेब खेळून पुढे गेले की त्यांची पावलं पुसायची. पुढे त्या वाळवंटात नळ्या आल्या, गवत आलं, तळी आली. मजीदच्या हातातलं गोणपाट गेलं आणि खांद्यावर बॅगा आल्या. शेवटची बारा-पंधरा वर्षं तो पहिल्या टीवर, जिथून खेळ सुरू होतो तिथं, उभा राहून खेळाडूंची नावं पुकारायचा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर नावाची पट्टी. आयुष्यात त्याने केलेली सगळ्यात अभिमानाची गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं असतं तर त्याने ती पट्टीच दाखवली असती.

निदान झारा काठी धरायला लागेपर्यंत तरी.

झारा ही त्याची धाकटी, उशिरा झालेली मुलगी. तो कायमचा परत आला तेव्हा ती दहाची होती आणि बापाला ओळखत होती ती मोबाईलच्या पडद्यावरून. एकमेकांशी काय बोलायचं हे दोघांनाही कळेना. मग एका संध्याकाळी मजीदने साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्यांची बॅग उघडली, एक काठी तिच्या मापाची कापली आणि तिला सड्यावर नेलं. तिचा पहिलाच चेंडू दगडी गडग्यावरून उडून देवदत्त जोगळेकरांच्या हापूसच्या बागेत पडला. सडाही जोगळेकरांचाच. दुसऱ्या दिवशी ते चेंडू घेऊन आले.

"मजीदभाई, तुमच्या कोंबडीने आमच्यात अंडं घातलंन."

तेव्हापासून जोगळेकर बागेत सापडलेले चेंडू आंब्याच्या पेटीत पेंढ्यावर नीट रचून परत आणून द्यायचे. सडा वापरायला त्यांनी कधी ना केली नाही. फक्त मोहोर धरला की सांगायचे, "त्या बाजूला जरा सांभाळून. फांदी मोडलीत तर फळ तुमच्या नावावर."

*

मजीद घरी आला तेव्हा त्याची बायको सईदा घावणे काढत होती. मेजावर दोन डबे. एक काल कुरियरने हातखंब्याहून आलेला, नवा करकरीत, आठवड्यात परत करता येण्यासारखा. दुसरा शेजारच्या पोराने आखातातून येताना आणलेला, मजीदच्या जुन्या क्लबातल्या एका मल्याळी दोस्ताने पाठवलेला. वापरलेला, कोपऱ्यावर खरचटलेला, हातात घेतला की चांगलाच जड.

दोन्हींत एकच वस्तू होती. डोळ्याला लावायची, झेंड्यावर रोखायची, बटण दाबायचं. आतून लेझरचा किरण जातो, झेंड्याला आपटून परत येतो आणि मधलं अंतर आकड्यात दिसतं. मजीद तिला लेझर म्हणायचा, सईदा दुर्बीण म्हणायची. दोन घरात आल्या होत्या, त्यांतली एक ठेवायची होती.

"घरात ह्या खेळाची एक सवत पुरत नव्हती," सईदा तव्याकडे बघत म्हणाली, "आता दोघीतली निवडून घ्यायची हाय."

"तू गप गो. पोरीच्या परीक्षेचं काम हाय."

परीक्षा म्हणजे पुण्याच्या एका अकादमीची निवड चाचणी. निवड झाली तर शिकवणी, राहणं, कॉलेज सगळं तिकडे. तारीख पुढच्या आठवड्यात होती. झारा केस बांधत बाहेर आली, उभ्या उभ्या घावणा गुंडाळला आणि नवा डबा उचलून बघितला.

"अब्बा, ह्याचा स्लोप बंद होतो काय?"

चढ-उतार धरून हे यंत्र दुसराच आकडा सांगू शकायचं. चढावर जरा जास्त, उतारावर जरा कमी. सरावाला ते बरं, चाचणीत मात्र मनाई.

"होतो की. बाजूला बटण हाय."

"बंद केलेला पंचाला बाहेरून दिसायला लागतो. नायतर बाद करतात." मग तिने डबा खाली ठेवला आणि बापाकडे न बघता म्हणाली, "हे शेवटचं हां, अब्बा. ह्या वेळी पण सगळे बॉल ग्रीनच्या पलीकडे गेले तर बॅग माळ्यावर. बारावी हाय माझी."

मजीद डबा बंद करतो न करतो तोच एसटी चुकेल म्हणून ती पाखाडीच्या पायऱ्या उतरत निघूनही गेली.

ती बोलली ते गेल्या वर्षीचं दुखणं होतं. पुण्यालाच मुलींची स्पर्धा होती. सड्यावर झाराची आठ नंबरची काठी शंभर यार्ड म्हणजे शंभरच जायची, झेंड्याच्या पायाशी. पुण्यात फळीवर शंभर वाचून तिने तीच काठी काढली आणि चेंडू झेंड्याच्या डोक्यावरून मागच्या झुडपात. एकदा नाही, दिवसभर. प्रेक्षकांच्या दोरीबाहेर उभा राहून मजीद बघत होता. येताना गाडीत तो म्हणाला होता, "शहरातल्या पोरी बघून अंगात आलं तुझ्या. ताकद दाखवायला गेलीस." परत आल्यावर वर्षभर त्याने तिचा हात आखडता करायला लावला. अर्धाच मागे ने. सोडू नको. सांभाळ. पोरगी ऐकत गेली, आणि तिच्या फटक्यातला तो सुटा झोक, जो बघून मजीदला आपले पांढऱ्या शर्टाचे दिवस आठवायचे, तो कुठेतरी हरवला.

*

ऊन चढल्यावर मजीद दोन्ही लेझर घेऊन सड्यावर गेला. प्रत्येक ब्राऊनकडे येणाऱ्या वाटेवर त्याने चुना लावलेले दगड रोवले होते. पन्नास, शंभर, दीडशे. त्या दगडापासून झेंड्यापर्यंत तितके यार्ड. शंभरच्या दगडाशी उभं राहून त्याने नवा लेझर डोळ्याला लावला. मोतीबिंदू काढल्यापासून उजव्या डोळ्याला बरं दिसायचं, पण हात जरा थरथरायचा. किरण झेंडा सोडून मागच्या गडग्यावर जायचा आणि भलताच आकडा यायचा. बऱ्याच खटपटीने एकदा झेंडा सापडला. यंत्र हातात गुरगुरलं. आकडा आला, एकशे दहा.

"खोटारडा," मजीद म्हणाला आणि पुन्हा दाबलं. पुन्हा एकशे दहा.

मनातल्या मनात त्याने नव्या लेझरला परत हातखंब्याला पाठवलं. जुना काढला. हा गुरगुरत नव्हता, आणि मजीदच्या हातात तर झेंडा धरायलाच तयार नव्हता. शेवटी कोपरं गुडघ्यांवर टेकून, उकिडवं बसून त्याने नेम धरला. एकशे नऊ.

तो तसाच बसून राहिला. सईदा चहा घेऊन वर आली तेव्हाही उकिडवाच.

"काय झालं? पाय धरला?"

"दोनी खराब."

"दोनी?"

"शंभरच्या दगडावरून हा एकशे दहा सांगतो, तो एकशे नऊ."

सईदाने चहाचा पेला त्याच्या हातात दिला. "अहो, एक दुबईचा, एक हातखंब्याचा. दोघांची कधी गाठभेट नाय. दोघं मिळून एकच खोटं कसं बोलतील?"

"एकाच कारखान्यातले असतील."

"आणि तुमचा दगड कुठल्या कारखान्यातला?"

"दगडाला काय झालं? हाशिमच्या दोरीने मोजलेला हाय."

हाशिम होडेकर म्हणजे सईदाचा धाकटा भाऊ. मिरकरवाड्याला त्याची बोट. पाण्याची खोली मोजायच्या त्याच्या दोरीला पुरता मान होता. शिसं बांधून सोडायची, बारीक नायलॉनची, दर दहा वावांवर गाठ. वाव म्हणजे दोन्ही हात फैलावले की या बोटापासून त्या बोटापर्यंत. मजीदला आखातात कळलं होतं की साहेबांचे दोन यार्ड म्हणजे आपला एक वाव. सड्यावर ब्राऊनं मांडायची ठरली तेव्हा टेप शोधत कोण बसतो? हाशिम दोरी घेऊन आला, बरोबर दोन खलाशी, आणि एका दुपारी सगळा सडा मोजून झाला.

सईदाने फोन लावला. "हाशिम, तुझी दोरी घेऊन ये. तुझ्या भावजींनी तिला साक्षीला बोलवलंय."

हाशिम आला तो तावातावानेच. गडग्यापलीकडे झाडांना पाणी सोडणारे जोगळेकरही तमाशा चुकायला नको म्हणून काठीने वाट चाचपत आले.

"भावजी, ह्या दोरीवर बोट चालते माझी," हाशिम दोरीचा वेढा सोडत म्हणाला. "वडिलांच्या वेळची पद्धत. आजतागायत बूड घासलं नाय."

"तुला कोण काय बोललंय? मोजून दाखव."

दुसरं टोक धरायला या वेळी खलाशी नव्हते. हाशिमने ते जोगळेकरांच्या हातात दिलं आणि त्यांना दगडाशी उभं केलं. स्वतः झेंड्याकडे दोरी सोडत गेला. जोगळेकरांच्या बोटांत संधिवात. त्यांनी दोरी धरली ती पूजेतल्या जानव्यासारखी, दोन बोटांत. हाशिमची शंभर यार्डांची गाठ आली तेव्हा तो झेंड्यापासून बराच अलीकडे होता. तो थांबला. गाठीकडे बघितलं, झेंड्याकडे बघितलं.

"काका, खेचून धरा ना. ढिली हाय."

"मी धरतंय तशी धरतंय. तू तुझं बघ."

"भावजी, तुम्ही धरा. ताठ. तेव्हा माझ्या पोरांनी धरलेली तशी."

मजीदने टोक मनगटाला गुंडाळलं, पाय रोवले. हाशिमने बोटीवरचा माणूस खेचतो तसं अंग मागे टाकून खेचलं. आणि सगळ्यांच्या देखत ती गाठ कातळावरून सरकली. सरडा सरपटावा तशी, हळूहळू, वाव दोन वाव तीन वाव पुढे. हाशिम मागे मागे जात राहिला आणि थेट झेंड्याच्या काठीला त्याची पाठ लागली, तेव्हा गाठ बरोबर त्याच्या हातात होती.

हाशिमने दोरी सैल सोडली. गाठ परत मागे गेली.

"नायलॉन," मजीद म्हणाला.

"ताणतो तो," हाशिम म्हणाला. "पण पाण्यात शिशाच्या भाराने ताणतो ना, तेव्हा खरी खोली जास्त असते, दोरी कमी सांगते. दर्यात कमी सांगणारी दोरी बरी, भावजी. बूड वाचतं."

हे मात्र खरं होतं. हाशिमच्या धंद्यात ही चूक नव्हती, शहाणपण होतं. पाण्यातलं ते शहाणपण मजीदने उचलून कातळावर आणलं होतं.

जोगळेकरांनी उपरण्याने तोंड पुसलं. "म्हणजे एवढी वर्षं तुम्ही माझ्या सड्यावर शंभर सांगून एकशे दहा मापून देत होतात. असा दुकानदार रत्नागिरीत टिकायचा नाही, मजीदभाई."

सईदा हसली. हाशिमही हसला. मजीद मात्र पुण्याच्या त्या मैदानावर दोरीच्या बाहेर उभा होता. शंभरची फळी. आठ नंबरची काठी. झेंड्याच्या डोक्यावरून मागच्या झुडपात, दहा-एक यार्ड पलीकडे. दर वेळी तेवढंच. दिवसभर पोरीने एकही फटका चुकवला नव्हता. बापाने शिकवलं तसंच, बापाने दिलेल्या मापाने मारत होती. आणि आपण गाडीत तिला काय बोललो?

डोळ्याला कधी कधी शंभरचा दगड जरा लांब वाटायचा, हेही त्याला आठवलं. पण मोतीबिंदूवाला माणूस स्वतःच्या डोळ्याचं ऐकतो कशाला? दोरीचं ऐकतो.

"अहो," सईदाने हळूच विचारलं, "म्हणजे पोरगी आपली चुकली नव्हती?"

मजीदने नुसती मान हलवली.

"मग तिला सांगा."

"सांगतो."

"मी नाय सांगणार हां. तुमच्या तोंडून गेलंय, तुमच्याच तोंडून परत येऊ दे."

*

चारच्या एसटीने झारा आली. मजीद पाखाडीच्या तोंडाशीच उभा होता. दप्तरही ठेवू न देता तो तिला सड्यावर घेऊन गेला. वाटेत त्याने तीनदा बोलायला तोंड उघडलं आणि तीनदा वाऱ्याबद्दल बोलला. शेवटी शंभरच्या दगडाशी आल्यावर नवा लेझर तिच्या हातात दिला.

"झेंडा बघ."

तिने बघितलं. "एकशे दहा. बिघडलाय हा."

त्याने जुना दिला. तिचा हात थरथरत नव्हता; झेंडा एका क्षणात सापडला. "एकशे दहा," ती म्हणाली. हुशार पोर. तिने पायाखालचा दगड बघितला, झेंडा बघितला, पुढच्या ब्राऊनकडे वळून तिथलाही दगड मापला. मग परत बापाकडे वळली.

"दगड चुकीचे हायत?"

"हाशिममामूची दोरी ताणली होती. मी ताणायला लावली. झोळ राहू नये म्हणून."

"सगळे दगड?"

"सगळे."

खालून अजानचा आवाज आला आणि वाऱ्याने तुटला.

"मग पुण्याला मी चुकले नव्हते."

"नाय."

"आणि वर्षभर तुम्ही मला हात आखडायला लावलात."

मजीद म्हणजे पहिल्या टीवर तीस भाषांच्या माणसांची नावं न अडखळता पुकारणारा माणूस. पण स्वतःच्या पोरीपुढे त्याला एक वाक्य जुळवता येईना. शेवटी तो म्हणाला, "चूक माझी, झारा. त्या दिवशी गाडीत जे बोललो, ते सगळं मी परत घेतो."

झाराने ते ऐकलं. ती जाऊन आठ नंबरची काठी घेऊन आली. दगडाशी चेंडू ठेवला.

"आता मधे बोलू नका," ती म्हणाली.

पहिला फटका आखडलाच. चेंडू ब्राऊनच्या अलीकडे पडला. दुसराही. वर्षभराची सवय अंगातून एका दुपारी थोडीच निघते? मजीदचे ओठ शिवशिवले, पण तो गप्प राहिला. तिसऱ्या वेळी ती चेंडूवर जास्त वेळ उभी राहिली. मग तिचा हात मागे गेला, पूर्ण, कानाच्या वर, आणि सुटला.

आवाज आला तोच वेगळा. सुकलेला नारळ कातळावर पडतो तसा टणक. चेंडू मावळतीच्या उजेडात वर चढला, रेंगाळला आणि झेंड्याच्या पायाशी धप्प करून बसला. चुना लावलेल्या दगडावर लिहिलेले शंभर, आणि खरे एकशे दहा. सतरा वर्षांच्या पोरीच्या आठ नंबरच्या काठीने. मजीदने हिशेब केला. आखातात त्याने ज्या बायकांचा खेळ तोंडात बोट घालून बघितला होता, त्यांच्यातल्या बऱ्याच जणी इथं अपुऱ्या पडल्या असत्या. इतकी वर्षं तो आपल्या पोरीला दहा यार्ड लहान समजत होता.

झाराने आणखी मारले. अंधारून येईपर्यंत मारले. काही जोगळेकरांच्या बागेत गेले.

मग प्रश्न राहिला कुठला लेझर ठेवायचा. मजीदने नव्याची तरफदारी केली. गुरगुरून सांगतो, स्लोपचं बटण आहे, हलका आहे. झाराने दोन्ही आळीपाळीने डोळ्याला लावून बघितले. आता खारा वारा सुटला होता, समुद्राकडून, दणकून.

"हा वाऱ्यात हलतो," नव्याबद्दल ती म्हणाली. "हलका हाय म्हणूनच. जड हातात बसतो. आणि ह्याला स्लोपच नाय. पंचाला बघायला काय नाय, मला विसरायला काय नाय."

"माझ्या हातात तर तो झेंडा धरत नव्हता."

"तुमच्या हातात कशाला धरायला पायजे?" झारा म्हणाली. त्यात कुचकेपणा नव्हता. खरंच विचारत होती.

मजीदला ते दिवसभर सुचलं नव्हतं. तो आपल्या हाताच्या मापाने यंत्र निवडत बसला होता. त्याने जुना लेझर मफलरच्या टोकाने पुसला आणि तिच्या दप्तरात ठेवला.

*

चाचणीला कोण जाणार हा प्रश्न झारानेच सोडवला. "अम्मी येईल माझ्याबरोबर."

"अम्मीला काय कळतं त्यातलं?" मजीद म्हणाला.

"म्हणूनच. तुम्ही असलात की मी बॉलकडे नाय, तुमच्या तोंडाकडे बघते."

मजीदला ते लागलं. सगळा दिवस त्याने तोंड पाडून काढला. पण गाडीत बसवताना त्याने तिची बॅग स्वतः वर टाकली, पट्टे ओढून बघितले, आणि एवढंच म्हणाला, "हात सोड."

चाचणीच्या दिवशी सकाळपासून तो कामं शोधत होता. सगळ्या दगडांवरचे आकडे खरवडून त्याने नवे लिहिले. दगड हलवले नाहीत. शंभरच्या जागी एकशे दहा, पन्नासच्या जागी पंचावन्न. विचित्र दिसत होतं, पण खरं होतं. जोगळेकर बघून गेले आणि म्हणाले, "भाव वाढवलात, पण माप चोख झालं." हाशिम सकाळी बांगडे देऊन गेला आणि काही न विचारता ओट्यावर बसून राहिला, मग कंटाळून निघून गेला.

दुपारी फोन वाजला. सईदा होती. वाऱ्यात उभी असल्यासारखा आवाज.

"अहो, झालं तिचं."

"काय झालं?"

"थांबा, सांगू तरी द्या. मला काय कळत नाय म्हणता ना? मी नुसती मोजत होते. झेंड्याजवळ किती पडले ते. सगळ्यांत जास्त हिचेच पडले. एक बॉल तर भोकाच्या कडेला जाऊन बसला, कोंबडी बसते तसा."

"आणि निवड?"

"नाव पुकारलंनी. दुसरं."

मजीद पडवीच्या खांबाला टेकला.

"ऐकताय ना? तिथल्या मॅडमने विचारलंन, कुणी शिकवलं गो तुला, कुठल्या क्लबात? ही म्हणते, क्लब नाय, आमच्याकडे सडा हाय, माझ्या अब्बांनी केलेला. मॅडमला सडा कळेना. मग ही सांगत बसली, कातळ असतो, त्याच्यावर तेलाची ब्राऊनं असतात, बाजूला आंबे असतात. पंधरा पोरी गोळा होऊन ऐकत होत्या." सईदाने आवाज खाली आणला. "दोरीचं मात्र सांगितलंन नाय. ते घरातलं, म्हणाली."

मजीदने नुसता फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"बोलू नका, राहू दे. ती जेवतेय. संध्याकाळच्या गाडीला बसतो आम्ही. काय जेवलात?"

"अजून नाय."

"हाशिम बांगडे देणार होता. दिलंन?"

"ओट्यावर हायत."

"सकाळपासून? अहो, ते साफ करायला घ्या, उन्हात वास मारतील. अर्धे मीठ लावून ठेवा, आम्ही आल्यावर तळू. मांजराला दार लावलंत काय?"

मजीदने वळून बघितलं. मांजर ओट्याच्या कडेला पुढचे पाय टेकून उभंच होतं. त्याने फोन खिशात टाकला, मांजराला हुसकावलं, बाह्या दुमडल्या, विळी ओढून घेतली आणि पहिल्या बांगड्याचे कल्ले काढायला बसला.